कॉर्नब्रेडमध्ये साखर कुठून आली

बिडाचा खोलगट तवा रिकामाच ओव्हनमध्ये तापत ठेवायचा. तो तापेपर्यंत मक्याचं पीठ, ताक, अंडं, मीठ आणि खायचा सोडा कालवून घ्यायचा. तवा सणसणीत तापला की त्यात चमचाभर डुकराची चरबी किंवा लोणी फिरवायचं आणि मिश्रण ओतायचं. कडेला चर्र आवाज आला पाहिजे; तो आला नाही तर खालचा पापुद्रा कुरकुरीत होत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत कॉर्नब्रेड तयार होतो. तोवर शेगडीवर डब्यातली चवळी कांद्याबरोबर गरम होते, फ्रीजरमधली भेंडी मक्याच्या पिठात घोळवून तळून होते आणि रविवारी शिजवून ठेवलेल्या कोलार्डच्या पालेभाजीला पुन्हा एक उकळी येते. अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलायना या पट्ट्यात, कामावरून घरी आलेलं माणूस पाऊण तासात मुलाबाळांना वाढतं ते हे जेवण. तळलेलं चिकन, तिकडची पावासारखी बिस्किटं वगैरेंची ओळख अमेरिकेतल्या मराठी वाचकांना आहेच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

या जेवणाला ‘कम्फर्ट फूड’ म्हणायची पद्धत फार जुनी नाही. हा शब्द १९६६ साली फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्रात लठ्ठपणावरच्या मजकुरात दिसतो. मनावर ताण आला की मोठी माणसंही लहानपणी खाल्लेल्या पदार्थांकडे वळतात, असा त्याचा रोख होता. १९७७ मध्ये अमेरिकेच्या राजधानीतल्या एका वर्तमानपत्राने तो दक्षिणेतल्या ग्रिट्सला, म्हणजे मक्याच्या कण्यांना, आणि चवळीला लावला. त्याआधी कित्येक पिढ्या लोक हेच खात होते, फक्त त्याला कुणी असं नाव दिलेलं नव्हतं.

हे जेवण इतक्या लवकर कसं होतं, आणि कॉर्नब्रेडमध्ये साखर घालावी की नाही यावर तिकडे घराघरांत अजून वाद का होतात, हे दोन प्रश्न वरवर वेगळे दिसतात. माझ्या मते दोन्हींची उत्तरं गिरणीत सापडतात.

दक्षिणेला मका मिळाला तो तिथल्या मस्कोगी, चेरोकी, चॉक्टॉ या आदिवासींकडून. ते दाणे लाकडाच्या राखेच्या पाण्यात शिजवून त्यांची साल काढत. त्यातून होमिनी होते, आणि होमिनी भरडली की ग्रिट्स. चवळी आणि भेंडी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आली. लुइझियानातल्या ‘गंबो’ या दाट रश्श्याचं नावसुद्धा आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आलेलं आहे.

गुलामगिरीतल्या शिध्याचे आकडे वाचले की झटपट स्वयंपाकाचा उगम कळतो. मेरिलँडमधून सुटून आलेल्या एका गुलामाने पुढे आपल्या आत्मचरित्रात महिन्याचा शिधा नोंदवून ठेवला आहे: आठ पौंड डुकराचं मांस किंवा तेवढेच मासे, आणि एक बुशेल मक्याचं पीठ, म्हणजे साधारण बावीस किलो. दिवसभर शेतात राबून आल्यावर हे पीठ मीठ-पाण्यात कालवायचं आणि चुलीच्या धगीवर जाड भाकरी भाजायची. तिला ‘होकेक’ म्हणतात. ती लवकर होत असे, कारण करणाऱ्या बाईला रात्रीचा थोडाच वेळ मिळे. पालेभाजीचं भांडं मात्र जाळावर तासन्‌तास रटरटत राही, त्याच्याकडे बघायला कुणी लागत नसे. एक पदार्थ संथ आणि दुसरा घाईचा, ही या जेवणाची घडण तेव्हापासूनची आहे.

त्या पालेभाजीच्या उरलेल्या पाण्याला ‘पॉट लिकर’ म्हणतात. १९३१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लुइझियानाचा गव्हर्नर आणि अटलांटाच्या एका दैनिकाचा संपादक यांच्यात मक्याची भाकरी त्या पाण्यात बुडवून खावी की कुस्करून, यावर कित्येक दिवस जाहीर वाद झाला. गव्हर्नर बुडवण्याच्या बाजूचा, संपादक काल्याच्या. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरनेही त्यात मत कळवलं होतं. ज्यांनी लहानपणी दुधात भाकरी कुस्करून खाल्ली आहे त्यांना संपादकाची बाजू पटेल. मला ती पटते.

घाईच्या बाजूला खरी गती आली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. १८२४ साली निघालेल्या व्हर्जिनियातल्या एका पाककृतींच्या पुस्तकात मक्याच्या ब्रेडला यीस्ट लावून तो फुगायला तासभर आगीजवळ ठेवायला सांगितलं आहे. १८४० च्या दशकात खायचा सोडा पाकिटातून मिळायला लागला आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत बेकिंग पावडर आली. घरात ताक असायचंच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की मिश्रण लगेच फसफसतं, हे ढोकळा करणाऱ्याला सांगायला नको. तासाभराचं काम मिनिटांवर आलं. बिस्किटांचंही तसंच झालं: पूर्वी कणीक लाकडी ठोकळ्यावर ठेवून अर्धा तास बडवत, म्हणजे तिच्यात हवा भरे. ते काम बहुतेक घरांत काळ्या बायकांच्या अंगावर होतं. सोड्याने त्यांचे हात सोडवले. सोड्याच्या इतिहासात हे क्वचितच लिहिलेलं सापडतं.

आता गिरणी. १९०० पर्यंत दक्षिणेतला मका बहुतांशी गावच्याच पाणगिरणीत दगडी जात्यावर दळला जाई. शेतातच वाळलेला, पूर्ण पिकलेला पांढरा मका. पीठ जाडसर आणि दाण्यातल्या अंकुरासकट. अंकुरामुळे पिठाला गोडूस चव येते, पण त्यात तेल असतं, त्यामुळे पीठ थोड्याच दिवसांत खवट होतं. लोक पंधरवड्याचंच दळण आणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाण्यातून अंकुर आणि कोंडा वेगळा काढणारी यंत्रं आली, पोलादी रुळांच्या मोठ्या गिरण्या आल्या. त्यांचं पीठ महिनोन्‌महिने टिकणारं, बारीक आणि स्वस्त होतं, आणि ते आगगाडीने मध्य-पश्चिमेतल्या राज्यांतून दक्षिणेत यायला लागलं. कापसाच्या एकाच पिकावर जगणाऱ्या कुळांना मळ्याच्या दुकानातून उधारीवर तीनच गोष्टी मिळत: खारवलेली चरबी, हे पीठ आणि काकवी.

त्याचा परिणाम भयंकर झाला. १९०२ साली जॉर्जियातल्या एका डॉक्टराने पेलाग्राचा रुग्ण नोंदवला. कातडी उन्हात भाजल्यासारखी सोलवटणं, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू, असा हा आजार. पुढच्या चार दशकांत त्याचे अंदाजे ३० लाख रुग्ण आणि १ लाख मृत्यू झाले, बहुतेक सगळे दक्षिणेत. सुरुवातीला तो संसर्गजन्य मानला गेला. १९१४ मध्ये केंद्र सरकारने एका डॉक्टराला तिकडे पाठवलं. त्याच्या लक्षात आलं की अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत आजार होतो तो मुलांना आणि रुग्णांना, तिथे राहणाऱ्या नोकरांना होत नाही. १९१५ साली त्याने मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर कैद्यांना माफीच्या बदल्यात मका, मैदा, भात आणि काकवी अशाच आहारावर ठेवलं. सहा-सात महिन्यांत अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. दूध, अंडी, चरबी नसलेलं मांस दिलं की आजार हटतो, हे तेव्हाच कळलं होतं. पण त्याचा अर्थ दक्षिणेत लोक गरिबीने मरतायत असा होत होता, आणि तो तिथल्या पुढाऱ्यांना झोंबला. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी या संकटाबद्दल उघड बोलून मदतीचा प्रस्ताव मांडला तेव्हा दक्षिणेतल्या लोकप्रतिनिधींनी आपल्या प्रदेशाची बदनामी होते म्हणून आक्षेप घेतला. प्रांताच्या अब्रूसाठी माणसांच्या पोटाकडे दुर्लक्ष झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमतरता ब३ जीवनसत्त्वाची म्हणजे नायसिनची होती, हे १९३७ मध्ये सिद्ध झालं. मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेलं असतं. राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात शिजवलं की मोकळं होतं. आदिवासींची पद्धत नेमकी तेच करत होती. १९४० च्या दशकात दक्षिण कॅरोलायनापासून सुरुवात होऊन राज्यांनी मैद्यात आणि मक्याच्या पिठात जीवनसत्त्वं घालणं सक्तीचं केलं. आजही तिकडच्या पिठाच्या पाकिटावर ‘एनरिच्ड’ हा शब्द असतो तो या इतिहासामुळे.

याच गिरणीतून साखरेचा वाद निघाला. दक्षिणेत तुम्ही कॉर्नब्रेडमध्ये साखर घालता म्हटलं की ‘मग तो केक झाला’ असं उत्तर ठरलेलं आहे. जुन्या दाक्षिणात्य कृती बहुतेक बिनसाखरेच्या, उत्तरेकडच्या कृतींत काकवी किंवा साखर, एवढ्यावरून काहींनी साखर म्हणजे उत्तरेचा शिरकाव असं ठरवून टाकलं. दुसरी मांडणी वर्णाची: गोऱ्यांच्या घरात बिनसाखरेचा पांढऱ्या मक्याचा, काळ्यांच्या घरात साखरेचा पिवळ्या मक्याचा. ही विभागणी आज बऱ्याच ठिकाणी खरोखर दिसते, पण ती मुळापासूनची असल्यासारखी सांगितली जाते आणि तिथे गफलत होते. गुलामांच्या शिध्यात साखर नव्हती.

मला पटते ती गिरणीची बाजू. नवीन गिरण्यांना मका पूर्ण पिकेपर्यंत थांबायची गरज नव्हती. तो आधी काढून गरम हवेने वाळवता येई. त्यामुळे दाण्यात जी गोडी यायची ती यायची राहिली, आणि जी होती ती अंकुराबरोबर गेली. ती भरून काढायला साखर आली. पीठ फार बारीक झालं म्हणून ताकात जुन्यासारखं आळेना, त्यात मैदा घालायला लागले, आणि मैदा आला की गोडाकडे कल आणखी वाढला. मग १९१० पासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली. तिथे दुकानात होतं ते गिरणीचं पिवळं पीठच. आमच्या शेजारी राहणाऱ्या ऐंशीच्या घरातल्या आजी अलाबामात जन्मल्या, डेट्रॉइटला नोकरी केली आणि निवृत्तीनंतर परत दक्षिणेत आल्या. त्या अजून दोन चमचे साखर घालतात. डेट्रॉइटचं पीठ नुसतं गिळवत नव्हतं, एवढंच त्या सांगतात. त्यांच्या आईच्या अलाबामातल्या कॉर्नब्रेडमध्ये साखर नव्हती हेही त्यांना पक्कं आठवतं. या एका घरात दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि मध्ये फक्त पीठ बदललं आहे.

‘सोल फूड’ हा शब्द याच उत्तरेतल्या शहरांत १९६० च्या दशकात रुजला. चवळी, कोलार्ड, कॉर्नब्रेड हेच पदार्थ गोऱ्यांच्या हॉटेलात ‘सदर्न’ आणि काळ्यांच्या हॉटेलात ‘सोल’ म्हणून वाढले जाऊ लागले.

वादाचा निकाल घरोघरी पाकिटाने लावून टाकला. १९३१ साली चरबी, मैदा आणि बेकिंग पावडर आधीच एकत्र केलेलं बिस्किटांचं मिश्रण बाजारात आलं आणि १९५० च्या सुमारास मिशिगनमधल्या एका गिरणीने मक्याच्या मफिनचं तयार मिश्रण काढलं, साखरेसकट. मिशिगन म्हणजे उत्तर. अंडं आणि दूध घातलं की काम झालं. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात त्या निळ्या-पांढऱ्या छोट्या डब्याने रात्रीचं जेवण निभावलं, आणि आजच्या कित्येक दाक्षिणात्य मुलांना कॉर्नब्रेडची चव म्हणून तीच ठाऊक आहे. घाईच्या वेळी मीही तोच डबा फोडते.

गेल्या तीसेक वर्षांत जुन्या जातींचा पांढरा मका दगडावर दळणाऱ्या लहान गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. महाग असतं ते पीठ, त्यामुळे ते अजून तरी सगळ्यांच्या घरात पोचलेलं नाही. आमच्याकडे उत्तर जॉर्जियातल्या एका पाणगिरणीची पिशवी येते. तिच्यावर ‘फ्रीजरमध्ये ठेवा’ असं छापलेलं असतं, कारण अंकुर आत आहे. त्या पिठात साखर घालावीशी वाटत नाही. फक्त तवा तापत टाकायच्या आधीच ते बाहेर काढून ठेवावं लागतं, नाहीतर कडा करपतात आणि मध्ये कच्चं राहतं.