फोर्स, पॉवर, एनर्जी: जोर दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

फोर्स, पॉवर, एनर्जी, व्हिगर. यांतला कोणताही शब्द मराठीत आणायचा झाला की हात सवयीने ‘शक्ती’कडे जातो. ‘गुरुत्वाकर्षण शक्ती’ हा प्रयोग याच सवयीतून रुळला. पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने ते बल आहे. पण दोष एकट्या मराठीचा नाही. खुद्द इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येत, आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या लेखनातही ती सरमिसळ दिसते.

फोर्स आणि पॉवर हे दोन्ही फ्रेंचमार्गे साधारण 1300च्या सुमारास इंग्रजीत स्थिरावले. फोर्सच्या मुळाशी लॅटिन ‘फोर्टिस’ आहे, म्हणजे बळकट. किल्ल्याला फोर्ट म्हणतात ते यावरूनच. कम्फर्टसुद्धा याच घरचा: आधी त्याचा अर्थ धीर देऊन बळ वाढवणे असा होता, आरामाचा अर्थ मागाहून चिकटला. पॉवरचे मूळ मात्र वेगळे. ते लॅटिनमधल्या ‘शकणे, जमणे’ अशा अर्थाच्या क्रियापदातून आले, म्हणून पॉसिबल आणि पोटेन्शियल त्याचे सख्खे नातलग. आपला ‘शक्ती’ही ‘शक्’ म्हणजे शकणे या धातूचाच. त्यामुळे पॉवरला शक्ती हा शब्द अगदी नेमका बसतो, आणि तोच फोर्सला लावला की गोंधळ सुरू होतो. पॉवर ऑफ अटर्नी म्हणजे मुखत्यारपत्र. तिथे रेटा नाही, करू शकण्याचा अधिकार आहे. उलट एखादा कायदा ‘इन फोर्स’ असतो तेव्हा मराठीत तो फक्त ‘लागू’ असतो. तिथे बळ शोधत बसू नये.

व्हिगर हा लॅटिन ‘विगेरे’चा, म्हणजे तरतरीत असणे, फोफावणे याचा वंशज. वेक, वॉच आणि चक्क व्हेजिटेबल हे शब्दही त्याच प्राचीन कुळातले. व्हेजिटेबलचा जुना अर्थ ‘जिवंतपणे वाढणारे’ असा होता. म्हणून व्हिगरला ताकद म्हणू नये, जोम म्हणावे. पीक जोमात असते, तसा हा शब्द आहे. स्टॅमिना हे ‘स्टेमेन’चे लॅटिन अनेकवचन, अर्थ मागावरचे ताण्याचे धागे. नियतीदेवता आयुष्याचा धागा कातते या कल्पनेतून त्याला आयुष्याच्या बळाचा आणि पुढे दमाचा अर्थ आला. फुलातल्या पुंकेसराचे इंग्रजी नावही हेच. पेप, म्हणजे उत्साह, हे पेपरचे, मिरीचे, तुटके रूप. ते विसाव्या शतकातले.

खरा रंजक प्रवास एनर्जीचा. अ‍ॅरिस्टॉटलने ‘एनर्गेइया’ हा शब्द वापरला तो ‘प्रत्यक्ष कामात असणे’ या अर्थाने. त्यातले ‘एर्गॉन’ म्हणजे काम, आणि इंग्रजी वर्क हा त्याचाच दूरचा भाऊ. 1894 साली सापडलेल्या, कशाशीच संयोग न पावणाऱ्या वायूला आर्गॉन म्हणतात तेही ‘काम न करणारा’ म्हणून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एनर्जी इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ भाषेचा, वक्तृत्वाचा जोर एवढाच होता. यंत्रांशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध एका वादातून जुळला. वाद असा: चालत्या वस्तूचा ‘जोर’ मोजायचा कसा? 1686मध्ये जर्मन गणिती-तत्त्वज्ञ लाइब्नित्सने दाखवले की वस्तुमान गुणिले वेग हा ‘जोरा’चा खरा माप नव्हे. 1 पौंडाचे वजन 4 हात उंचीवरून पडले आणि 4 पौंडांचे 1 हातावरून, तर दोन्ही उचलायला श्रम सारखेच. पण पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट. वस्तुमान गुणिले वेग केले तर 2 आणि 4 येते, जुळत नाही. वेगाचा वर्ग घेतला की दोन्हीकडे 4. या मापाला त्याने ‘जिवंत बल’ म्हटले. पुढे ’स ख्राफेसान्ड या डच शास्त्रज्ञाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले; दुप्पट वेगाचा गोळा चौपट खड्डा पाडत होता. 1807मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंगने वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग यालाच एनर्जी म्हणायला सुचवले, आणि 1829मध्ये फ्रेंच गणिती कोरिओलिसने त्यातला निम्मा घेऊन तो कार्याच्या हिशेबाशी जुळवला.

तरी नाव लगेच रुजले नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्सचा 1847चा निबंध जर्मनमध्ये ‘क्राफ्ट’च्या अक्षय्यतेवर होता, 1853च्या इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘फोर्स’ झाले, जरी बोलणे ऊर्जेबद्दलच होते. बल काही अक्षय नसते. 1853मध्येच स्कॉटिश अभियंता रँकिनने ‘पोटेन्शियल एनर्जी’ हा शब्द दिला, 1862मध्ये थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) आणि टेट या शास्त्रज्ञांनी ‘कायनेटिक’ची (गतिज) जोड दिली, आणि मग कुठे वाटण्या पक्क्या झाल्या: ढकलणे ते बल, ढकलत अंतर कापले ते कार्य, कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा, कार्याचा दर ती शक्ती.

दराचे माप मात्र आधीच ठरले होते. जेम्स वॉटने 1782-83च्या सुमारास गिरणीच्या घोड्याचा हिशेब मांडला: 12 फूट त्रिज्येचे रिंगण, मिनिटाला 2.4 फेरे, 180 पौंडांची ओढ. रिंगणाचा परीघ, फेरे आणि ओढ यांचा गुणाकार येतो सुमारे 32,572. त्याने तो 33,000 फूट-पौंड प्रतिमिनिट असा पूर्ण हजारात धरला (1 पौंड वजन 1 फूट उचलण्याचे काम म्हणजे 1 फूट-पौंड). हीच अश्वशक्ती, जवळपास 746 वॅट. मेट्रिक अश्वशक्ती मात्र 735.5 वॅटची असते, म्हणून दोन यंत्रांच्या माहितीपत्रकांतले आकडे ताडताना आधी कोणती अश्वशक्ती ते पाहावे. आणि ‘किलोवॅट प्रति तास’ असे कधीही लिहू नये. किलोवॅट हा मुळातच दर आहे, 1.5 किलोवॅटचा हीटर 2 तास चालला की 3 किलोवॅट-तास खर्च होतात. तिथे गुणाकार आहे, भागाकार नाही.