शिकायचा नकाशा दुसऱ्याच्या गावचा

ठाण्यात एनसीसीच्या वर्गात आम्ही ज्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, नकाशा वाचायला शिकलो, ती नागपूरची होती. शीट क्रमांक 55 ओ/4. घड्यांवर सेलोटेप, चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, आणि कन्हानच्या काठच्या कामठी छावणीवर पेन्सिलीची इतकी वर्तुळं काढून खोडलेली की खालचा छापील रंगच उडाला होता. परीक्षेत छावणीवरचा प्रश्न ठरलेला. आमच्यातल्या बहुतेकांनी तोवर नाशिकच्या पलीकडचा मुलूख पाहिला नव्हता. पण कामठीच्या पुलापासून कुठलं देऊळ किती अंशांवर, हे मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

नागपूरच का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. एक कारण साधं होतं. एनसीसीच्या शिक्षक-अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी कामठीला आहे. आमचे सर तिथूनच तयार होऊन आले होते आणि येताना शीट घेऊन आले होते. दुसरं कारण सरकारी. सर्व्हे ऑफ इंडिया या नकाशे काढणाऱ्या सरकारी खात्याच्या किनारपट्टीलगतच्या, साधारण 80 किलोमीटर आतपर्यंतच्या शीट वर्षानुवर्षं प्रतिबंधित होत्या. म्हणजे ठाणेकराला ठाण्याचीच शीट दुकानात जाऊन सहज विकत घेता येत नसे. ती आहे 47 ए/16. शिवाय 73 रेखांशाची रेघ ऐरोली-वाशीच्या आसपासून जाते आणि नेमकी तिथेच ही शीट संपून 47 ई/4 सुरू होते. वाशीचा बराचसा भाग एका कागदावर, नेरूळ दुसऱ्या. कल्याण, उल्हासनगरही त्या दुसऱ्या कागदावरच.

गंमत अशी की शिकण्यासाठी परका नकाशा वापरायची ही रीत आमच्या वर्गापुरती नव्हती. ती बरीच जुनी आहे.

लष्करी शिक्षणात नकाशाला मैदानाची जागा दिली ती प्रशिया या जर्मन राज्याने. 1824 मध्ये राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्धखेळाचे नियम छापले. त्याच्या वडिलांनी आधी हा खेळ टेबलावरच्या मांडणीत बसवला होता, पोराने तो 1:8,000 प्रमाणाच्या कागदी नकाशावर आणला. धातूचे ठोकळे म्हणजे पलटणी, फासे म्हणजे नशीब, आणि मध्ये पंच. खरी मेख नकाशातच होती. बुद्धिबळाच्या पटावर सगळी घरं सारखी. इथे ओढा आडवा आला की तोफा अडणार.

पुढे जर्मन अधिकाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांत मेट्झ शहराच्या आसपासच्या मुलखावर गणितं घातलेली असत. मेट्झ तेव्हा, म्हणजे 1871 पासून, जर्मनीच्या ताब्यात होतं. ही पुस्तकं भाषांतर होऊन अमेरिकेत कॅन्ससमधल्या फोर्ट लेव्हनवर्थला पोचली, आणि सोबत मेट्झचे नकाशेही. तिथलं अधिकाऱ्यांचं विद्यालय 1881 चं. मिसुरी नदीच्या काठी बसून हे लोक फ्रान्सच्या सीमेवरच्या टेकड्यांवर काल्पनिक फौजा हलवत होते. घोड्यावर बसून छावणीभोवतालची जमीन रेखाटण्याचा सरावही त्यांना असे, पण डावपेचांची गणितं परक्या भूमीवरची. आणि मग पहिल्या महायुद्धातला 1918 चा सप्टेंबर आला. अमेरिकी फौज उतरली सेंट मिहिएलला, मेट्झच्या समोरच. काही अधिकारी तो प्रदेश पहिल्यांदा पाहत होते आणि तरी ओळखत होते. योगायोगच, पण शिकवणाऱ्यांना किती समाधान वाटलं असेल!

नंतर लेव्हनवर्थने मेट्झ बाजूला ठेवून गेटिसबर्गचा नकाशा घेतला. 3 इंचाला 1 मैल. अमेरिकी यादवी युद्धातली 1863 ची लढाई जिथे झाली तेच रान. पण या बाबतीत माझं आवडतं नाव टेनिनो आहे.

टेनिनो हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं चिमुकलं गाव, फोर्ट लुईस या छावणीच्या दक्षिणेला. एकेकाळी वालुकाश्माच्या खाणींसाठी ओळखलं जाई. 1931 च्या डिसेंबरात गावातली बँक बुडाली तेव्हा गावकऱ्यांनी चक्क लाकडी नोटा काढून व्यवहार चालवला. पण सैनिकांना हे गाव माहीत आहे ते निराळ्याच कारणाने. या गावाच्या नावाची 1:50,000 प्रमाणाची शीट अमेरिकी सैन्यात नकाशा शिकवण्यासाठी सर्रास वापरली गेली. टेक्सासच्या उन्हात बसलेला रंगरूटही टेनिनोची टेकडी शोधत असे.

असं का होतं, हे वर्गात बसलेल्यालाच कळतं. नकाशावर छापलेल्या उभ्या-आडव्या रेघांवरून काढलेला सहा आकडी ग्रिड रेफरन्स दिला की 100 मीटरच्या चौकोनातलं एकच ठिकाण मिळतं. आधी डावीकडून उजवीकडे तीन आकडे, मग खालून वर तीन. उत्तर एकच, पण ते सगळ्यांचं एक यायचं तर कागदही एकच हवा. म्हणून हजारो प्रती एकाच शीटच्या निघतात. आणि म्हणूनच ती शीट सहसा बदलत नाहीत. नवा रस्ता झाला, तळं बुजलं, तरी शिक्षकाच्या वहीतली उत्तरं जुन्या कागदाची असतात. आमच्याकडे तर ती वरच्या बॅचच्या वहीतही होती, हा भाग वेगळा. रस्ता शोधणाऱ्याला असली शिळी शीट निरुपयोगी. इतिहास शोधणाऱ्याला मात्र तीच हवी असते. बाकीचे नकाशे सुधारून घेतले जातात, शिकायचा नकाशा त्याच वर्षात अडकून राहतो.

पण छावणीच्या नकाशावर एक गोष्ट कधीच छापलेली नसते: ही जमीन आली कुठून. फोर्ट लुईसची सुरुवात 1917 मध्ये कॅम्प लुईस म्हणून झाली. पिअर्स काउंटीच्या लोकांनी मतदान करून, 20 लाख डॉलरचे रोखे काढून, सुमारे 70,000 एकर जमीन सैन्याला देऊ केली. दातृत्वाची ही कथा कौतुकाने सांगतात. त्यातच निस्क्वाली या मूळनिवासी जमातीच्या राखीव जमिनीतले 3,000 हून अधिक एकर सक्तीने संपादले गेले. नकाशावर तिथे फक्त छावणीची हद्द दिसते.

हे वाचताना मला नेवाळी आठवली. ठाणे जिल्ह्यातल्या या भागात दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, जमिनी परत आल्या नाहीत, आणि 2017 च्या जूनमध्ये तिथल्या आंदोलनाचा भडका उडाला. जाळपोळीच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या इमारतीत कुणीतरी विचारलं, ‘‘नेवाळीला विमानतळ कधी होता?’’ होता. तेव्हाच्या फौजी कागदांवर होता.

त्याच महायुद्धात जवळच कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. जहाजाची नाहीतर रेल्वेची वाट पाहणाऱ्या सैनिकांसाठी बराकींच्या रांगा. सोयीसाठी पाच भाग पाडले, त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. फाळणीनंतर याच रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 ला वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. फौजेने सोयीपुरती केलेली वाटणी मात्र तशीच राहिली. पत्ता अजून बराक नंबर, खोली नंबर, कॅम्प नंबर असाच लिहितात, मग त्या बराकीच्या जागी सात मजली इमारत का असेना.

शीटवरची बंधनंही दरम्यान सैल झाली. 2005 च्या नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि सामान्य जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. 2017 मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने ‘नक्षे’ हे पोर्टल काढलं, त्यावर आधार क्रमांक देऊन शीट फुकट उतरवता येऊ लागली. 2021 मध्ये नकाशांच्या माहितीवरचे निर्बंध आणखी कमी झाले. मी ठाण्याची शीट उतरवून मोठी छापून घेतली. येऊरच्या डोंगराच्या समोच्चरेषा पाहताना हात आपोआप पेन्सिलीकडे गेला, पण प्रश्न कुठला घालायचा ते सुचेना. कामठीवरचे सगळे अजून पाठ आहेत.

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले ओरडत असतात, ‘‘चार नंबर, पाच नंबर!’’ एकाला विचारलं, कसले नंबर हे? तो म्हणाला, ‘‘एरियाचं नावच आहे साहेब. बसताय का, एकच सीट बाकी आहे.’’