कॉस्टिक मारायला ॲसिटिक किती?

टॉवेल-चादरी रंगवणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

रंगाच्या हौदातलं कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) मारायला, म्हणजे त्याचा क्षारपणा घालवायला, ॲसिटिक ॲसिड टाकतात. दुकानात रोज ऐकू येतं, "दोन किलो कॉस्टिक टाकलंय, दोन किलो ॲसिटिक द्या." इथेच हिशेब चुकतो. आपण माल किलोवर घेतो, पण हौदात कॉस्टिक आणि ॲसिड एकमेकांना भिडतात ते नगावर, एकास एक.

आपल्याच धंद्यातलं बघा. डझनभर नॅपकिन आणि डझनभर चादरी, नग बाराच. काट्यावर मात्र केवढा फरक! रसायनशास्त्रातल्या अशा डझनाला मोल म्हणतात. कॉस्टिकचा एक मोल भरतो 40 ग्रॅम (सोडियम 23, ऑक्सिजन 16, हायड्रोजन 1), ॲसिटिकचा 60. म्हणून एक किलो कॉस्टिकला दीड किलो ॲसिटिक. घरात कुणी अकरावी सायन्सला असेल तर विचारा, वहीत हेच गणित सापडेल.

पण टाकलेलं सगळं कॉस्टिक हौदात थोडंच राहतं? धुण्यात बरंच वाहून जातं. उरलंय किती ते आधी बघा. हौदातलं 100 मिली पाणी काचेच्या पेल्यात घ्या, फिनॉल्फ्थॅलिनचे (कॉस्टिक असलं की रंग दाखवणारं द्रावण) दोन थेंब टाका. पाणी गुलाबी होईल. आता बिनसुईच्या सिरिंजने 1 नॉर्मल (म्हणजे ठरलेल्या तीव्रतेचं) हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब-थेंब सोडा, पेला हलवत राहा. गुलाबी रंग गेला की थांबा. समजा 2 मिली लागलं. मिलीमागे 0.04 ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे पेल्यात 0.08 ग्रॅम, लिटरला 0.8 ग्रॅम. हौद 500 लिटरचा असेल तर 400 ग्रॅम कॉस्टिक. त्याला ॲसिटिक 600 ग्रॅम, बस.

सोडा ॲशच्या हौदात मात्र ही चाचणी फसवते. गुलाबी रंग अर्ध्या वाटेवरच उडतो. तिथे फिनॉल्फ्थॅलिनऐवजी मिथाइल ऑरेंज हे दुसरं रंग दाखवणारं द्रावण वापरा.

सल्फ्युरिक स्वस्त पडतं, खरंय. पण नीट धुतलं गेलं नाही तर कापड सुकताना ते सुतातच तीव्र होत जातं, आणि टॉवेल पिळताना फाटतो. ॲसिटिक उडून जातं. आम्ही तरी तेच घ्या म्हणू.

शुद्ध ॲसिटिक साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत पहाटे कॅनमध्ये बर्फासारखं बसलेलं दिसलं तर भेसळ समजून परत आणू नका. कॅन कोमट पाण्याच्या टबात ठेवा. शेगडीजवळ नको, वाफ पेट घेते.

चाचणीचं साहित्य दुकानात मिळेल. जमत नसेल तर हौदाचं पाणी घेऊन या, काउंटरवर करून दाखवतो. फक्त ते प्यायच्या पाण्याच्या बाटलीत आणू नका.