जर्मनचं पातेलं ते टायटॅनियमचा मग: पाठीवरच्या भांड्यांची पार्श्वभूमी

अंतूर, वेताळवाडी, सुतोंडा या आपल्या अजिंठा डोंगररांगेतल्या किल्ल्यांवर मुक्कामी जाणारी पोरं वाढली तसा "हलकं भांडं कुठलं घेऊ" हा प्रश्न सारखा कानावर येतो, आणि उत्तरं सगळी ग्रॅममधी. पण ही भांडी हलकी कुणी केली, कुणासाठी केली, त्यात शिजवायचं काय होतं, हे बघितल्याशिवाय नुसत्या ग्रॅमला अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

आधी होतं तांबं नि पितळ. टिकायला एक नंबर, पण वजन भयंकर आणि आतून कल्हई पाहिजेच, नाहीतर आंबट काही शिजवलं की कळकतं. म्हणून तर चालणाऱ्या माणसानं स्वयंपाकाचं भांडं पाठीवर घ्यायची पद्धतच आपल्याकडं नव्हती. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्याची मोठी भांडी गाडीत, खांद्यावर फक्त पडशी, त्यात दशम्या, चटणी, हाताशी एक तांब्या. म्हणजे वजनावरचा आपला जुना तोडगा असा, की वाटेत शिजवायचंच नाही, घरून टिकाऊ करून न्यायचं.

हे बदललं अल्युमिनियमनं, ज्याला आपण सगळे जर्मन म्हणतो. हा धातू वेगळा काढला डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं १८२५ मध्ये, पण तो काढायचा खर्च इतका की नंतर कितीतरी वर्षं तो दागिन्यांतच दिसायचा. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियननं डेव्हिल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला यासाठी पैसा पुरवला, डोक्यात होतं सैन्याचं सामान हलकं करायचं, आणि मला वाटतं हीच या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे, हलक्या सामानाची ओढ आधी सैनिकाच्या पाठीसाठी होती, हौशी भटक्यासाठी नंतर. नेपोलियनच्या हयातीत ते काही जमलं नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, वीज वापरून अल्युमिनियम काढायची रीत शोधली आणि भाव धडाधड कोसळला. मग सैन्यांच्या पाण्याच्या बाटल्या, डबे, एकात एक बसणारी मेस टिन म्हणजे सैनिकाची शिजवायची-खायची भांडी, सगळं त्यातच होऊ लागलं. आज ट्रेकिंगच्या दुकानात एकात एक घुसणाऱ्या भांड्यांचा जो सेट मिळतो ना, तो त्याच घराण्यातला. आपल्या देशात भांडी करायची सुरुवात मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास केली.

मराठवाड्यात या भांड्यांची खरी परीक्षा कुणी घेतली असेल तर ऊसतोड कामगारांनी. बीड, धाराशिव, जालन्याकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात, सहा-सहा महिने पालात, सगळा संसार गाडीत नायतर ट्रॅक्टरमधी. त्यातलं जर्मनचं पातेलं नीट बघा. काठ वाकडा, पोटाला पोचे, कुठं दगडानं ठोकून सरळ केलेलं, बुडाला बाहेरून मातीचा लेप म्हणजे काजळी धरत नाही, आणि कान नसतोच, सांडशीनं उचलायचं. फिरत्या संसाराला काय लागतं हे कुठल्याही कंपनीच्या आधी या बायकांना कळलेलं होतं, आणि ट्रेकवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं मला मनापासून वाटतं.

जर्मनची दुखणी दोन. चिंच, ताक, टोमॅटो असलं आंबट त्यात ठेवू नये, आणि राखेनं किंवा सोड्यानं घासलं की वरचा थर निघतो, कारण क्षार या धातूला खातात. यावर इलाज म्हणून हार्ड अनोडाइज्ड आलं, आम्लाच्या कुंडात वीज सोडून त्याच धातूच्या ऑक्साइडचा जाड कडक थर वर आणायचा. नॉनस्टिक त्यातलंच पुढचं पाऊल, टेफ्लॉन १९३८ मध्ये सापडलं, १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये ते तव्याला चिकटवायची युक्ती जमली, पण पाठीवर खडखडत जाणाऱ्या भांड्याला ते टिकत नाही, जास्त लिहीत नाही.

स्टेनलेस स्टील १९१२-१३ चं, जर्मनीत क्रुप कंपनीत आणि इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये ब्रिअरली नावाच्या धातुतज्ज्ञाकडं जवळपास एकाच वेळी. आपल्या घरात ते बरंच उशिरा शिरलं आणि रुखवतात जाऊन बसलं. जन्मभर टिकतं, पण जड. साधा हिशोब करून बघा, १८ सेंमी व्यासाचं नि ७ सेंमी उंच पातेलं, १ मिमी जाड पत्र्याचं, अल्युमिनियमचं भरतं साधारण १७५ ग्रॅम, स्टीलचं ५०० च्या वर, तांब्याचं ५८० च्या आसपास. टायटॅनियमचं तेवढंच भांडं अर्ध्या जाडीत चालतं, म्हणून १५० च्या आत.

आता हे टायटॅनियम. क्रोल नावाच्या माणसाच्या पद्धतीनं १९४० नंतर ते कारखान्यात निघायला लागलं, विमानांसाठी. भांडी आली १९९० च्या दशकात, जपानच्या निगाता भागातून, तिथली स्नो पीक कंपनी यात मोठं नाव. त्याच काळात अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्टसारख्या, ४,२०० किमीच्या आसपासच्या पायवाटा चालणारी माणसं ग्रॅम ग्रॅम कमी करत होती, आणि त्यांचं जेवण म्हणजे वाळवलेलं पाकीट, त्यात उकळतं पाणी ओतलं की झालं. म्हणजे तो मग मुळात पाणी उकळायला केलेला आहे! उष्णता पसरवण्यात अल्युमिनियम त्याच्या जवळपास दहापट पुढं, त्यामुळं पातळ टायटॅनियममध्ये पिठलं टाकलं की ज्योतीच्या वर तेवढंच काळं होतं नि कडेला कच्चं राहतं.

आणि करपलेलं भांडं आपल्याकडं महागात पडतं, कारण फेब्रुवारी-मार्चनंतर किल्ल्यावरच्या टाक्यांचा भरवसा नाही, पाणी खालून न्यायचं, एक लिटर म्हणजे एक किलो. भांड्यात १०० ग्रॅम वाचवले आणि घासायला लिटरभर पाणी गेलं तर काय मिळवलं? टायटॅनियमच हौसेनं घ्यायचं असेल तर बरोबर येसर न्या, भाजून दळलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं, हलवत राहिलं की आमटी तयार, भाकरी घरून. खिचडी, पिठलं करणाऱ्या दोघा-तिघांनी सरळ दीड लिटरचं जर्मनचं पातेलं, झाकणाला ताटली आणि एक सांडशी घ्यावी. भांड्याच्या दुकानात ते वजनावर मिळतं, घेताना बुडाला मधोमध अंगठ्यानं दाबून बघा, लवलं तर ठेवून द्या, त्याच्यापेक्षा जरा जाड मागा.