आईला ल्युपस आहे, मुलीची तपासणी करायची का?

"मनी पोरले बी व्हई का?" ल्युपसचा रिपोर्ट नेताना आमच्या लॅबच्या काउंटरवर आया हेच विचारतात. मुलीला धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हे पत्रक.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. काहींना गालावर, कानावर, डोक्यात खवल्यांचे चट्टे येतात आणि जाताना व्रण ठेवून जातात. हा डिस्कॉइड ल्युपस. बहुतेकांत तो त्वचेपुरताच राहतो. सांधे, मूत्रपिंड, रक्त यांनाही धरतो तो एसएलई.

एकसारख्या जुळ्या बहिणींची जनुकं सारखीच असतात. तरीही एकीला एसएलई असेल तर दुसरीला तो होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण २५ ते ५० टक्केच आढळलं. म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, पण सगळा आजार त्यांनी ठरत नाही. धोका वाढवणाऱ्या जनुकीय जागा १०० हून अधिक सापडल्या आहेत. एचएलए-डीआर३, आयआरएफ५, स्टॅट४ ही त्यांतली ठळक नावं. शेवटची दोन त्वचेच्या ल्युपसशीही जोडलेली आहेत. एकेकीचा परिणाम थोडाच, आणि असे बदल निरोगी माणसांतही असतात.

दर १० रुग्णांत सुमारे ९ बायका असतात. टीएलआर७ हे प्रतिकारशक्तीचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, हे त्याचं एक कारण मानतात. जास्तीचा एक्स घेऊन जन्मलेल्या पुरुषांतही हा धोका वाढलेला दिसतो.

एकाच जनुकामुळे होणारा ल्युपस दुर्मिळ. सी१क्यू हे प्रथिन जन्मतःच नसेल तर बहुतेकांना ल्युपस होतो, तोही अनेकदा लहानपणीच. त्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर ही शक्यता वाढते. ट्रेक्स१ या जनुकातल्या काही बदलांमुळे थंडीत बोटांवर, कानांवर जांभळट चट्टे येतात, आणि असा बदल एका पालकाकडूनही उतरतो. घरात असं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. जनुक तपासणीला खरा अर्थ आहे तो अशाच ठिकाणी.

एरवी धडधाकट मुलीची जनुक तपासणी किंवा एएनए (आपल्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) करायला आम्ही सांगणार नाही. एएनए निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो, आणि मग घर विनाकारण काळजीत पडतं. मात्र उन्हात गेल्यावर गालावर लाली, तोंडात वारंवार फोड, सांधे सुजणं, खूप केस गळणं, पायावर सूज किंवा फेसाळ लघवी दिसली तर थांबू नका.

ज्यांना ल्युपस आहे त्यांनी पैसे वाचवायचे तर इतर कुठेही वाचवावेत, लघवीतल्या प्रथिनांच्या तपासणीत नको. मूत्रपिंडाचं दुखणं बराच काळ दुखत नाही.

आणि ऊन. त्वचेला त्रास देतात ते अतिनील किरण. हवा गार असली तरी ते असतातच. त्यामुळे मे महिन्यात जपलं आणि कापूस वेचायला उघड्या हातांनी गेलं, असं करू नका. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, आणि वेचणी सकाळी लवकर.

लग्न झालेल्या रुग्ण ताईंनी दिवस जाण्याआधी रक्तात अँटी-आरओ नावाची प्रतिपिंडं आहेत का, ते तपासून घ्यावं. ही प्रतिपिंडं आईकडून बाळाला जातात. क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आधी कळलं तर गरोदरपणात बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येतं.