दोन जन्मतिथी आणि विसंगतीचे तर्कशास्त्र

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर पुण्यात जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी दुसऱ्या कुठल्या तारखेवर पडली असेल असे वाटत नाही. बखरींतून चालत आलेली तिथी शके १५४९ च्या वैशाखातली, म्हणजे १६२७ सालची. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार घटनांची जुनी नोंद) प्रसिद्ध केली आणि तिच्यात निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१; म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ही तेच सांगते. आज सरकारी सुट्टी १९ फेब्रुवारीची आहे. (तारीख की तिथी, हा वाद वेगळा, त्यात इथे शिरत नाही.)

आता या दोन्ही नोंदी जशाच्या तशा एखाद्या संगणकाला दिल्या आणि अभिजात तर्कशास्त्राचे नियम लावायला सांगितले, तर काय होईल? ‘जन्म १६२७ चा’ हे खरे धरले. मग ‘जन्म १६२७ चा आहे किंवा पर्वतीची टेकडी समुद्रात आहे’ हेही खरे, कारण ‘किंवा’ला एक बाजू खरी असली की पुरते. पण दुसऱ्या नोंदीवरून जन्म १६२७ चा नाही. मग उरली पर्वती, समुद्रात! यातली एकही पायरी नियमाबाहेर नाही. ही करामत बाराव्या शतकातल्या पॅरिसच्या पंडितांनाही ठाऊक होती. एक विसंगती शिरली की वाटेल ते सिद्ध होते (यालाच ‘स्फोट’ म्हणतात), आणि वाटेल ते सिद्ध करणारे शास्त्र कुणाच्याच कामाचे नसते.

विसाव्या शतकात यावर आधी नियमच बदलून पाहिले गेले. पोलंडमध्ये याश्कोव्स्की (१९४८) आणि ब्राझीलमध्ये न्यूटन दा कोस्ता (१९६३) यांनी असे तर्कशास्त्र मांडले, ज्यात विसंगती असली तरी पर्वती जागची हलत नाही. निकोलस रेशर आणि रूथ मॅनर यांनी १९७० मध्ये उलट केले. नियम तेच ठेवले, पण माहितीचे शक्य तेवढे मोठे सुसंगत गट पाडले आणि प्रत्येक गटातून जे निघते तेवढेच मान्य केले. पद्धत सुरक्षित आहे, पण भित्री. आपल्या उदाहरणात ती एवढेच सांगेल की महाराजांचा जन्म सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. त्यासाठी शकावली कशाला हवी होती?

खरे वळण मिळाले ते अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन पॉलक यांच्या १९८७ च्या लेखात. युक्तिवादावर हल्ला दोन प्रकारे होतो, असे ते म्हणतात. एकात निष्कर्षच खोडला जातो: ‘जन्म १६२७ चा नव्हे, १६३० चा.’ दुसऱ्यात निष्कर्षाबद्दल अवाक्षर नसते, फक्त आधार आणि निष्कर्ष यांच्यातला धागा कापला जातो: ‘ही बखर घटनेनंतर फार उशिरा लिहिली गेली, तिच्यावरून साल ठरवता येत नाही.’ भारत इतिहास संशोधक मंडळातल्या वादांत दुसऱ्या प्रकाराचेच वजन जास्त असते.

इथे पुणेरी वाचक पुटपुटणार, ‘हे तर न्यायशास्त्रात, आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आहेच.’ आहे, पण अर्धेच. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त सत्प्रतिपक्ष हा हेत्वाभास, म्हणजे सदोष कारणाचा एक प्रकार, येतो. शब्द नित्य, कारण तो कानाने ऐकू येतो. शब्द अनित्य, कारण तो घटासारखा निर्माण होतो. दोन हेतू (कारणे) समोरासमोर उभे, म्हणून कुणाचेच साध्य सिद्ध नाही. उपाधीची, म्हणजे नियमामागे दडलेल्या अटीची, कल्पना तर पॉलक यांच्या दुसऱ्या हल्ल्याच्या फार जवळ जाते: जिथे अग्नी तिथे धूर हे ओल्या लाकडांपुरतेच खरे. तरी ‘सगळे आपल्याकडे होतेच’ म्हणणे मला पटत नाही. शेकडो युक्तिवाद एकमेकांत गुंतले की शेवटी कोण उभे राहते, हे मोजायची रीत नैयायिकांनी केली नव्हती. त्यांना तिची गरजही नव्हती.

ती रीत बँकॉकमध्ये काम करणाऱ्या फान मिन्ह डंग यांनी १९९५ मध्ये दिली. युक्तिवादाच्या पोटात काय आहे ते विसरा, म्हणाले. कोण कुणावर हल्ला करतो तेवढे बाण काढा. अ वर ब चा हल्ला, ब वर क चा. क वर कुणाचाच नाही, म्हणून क टिकतो, ब पडतो आणि अ पुन्हा उभा राहतो. एवढ्या साध्या चित्रावर पुढची सारी इमारत आहे.

पण बाण येतात कुठून? फिलिप बेनार आणि अँथनी हंटर यांनी २००१ मध्ये तर्कशास्त्र पुन्हा आत आणले. त्यांच्या मते युक्तिवाद म्हणजे आधार आणि निष्कर्ष यांची जोडी. आधार आपसांत सुसंगत हवा, त्यातून निष्कर्ष निघायला हवा आणि त्यात एकही विधान फालतू नसावे. हल्ला ओळखायचा तो या आधारावरून. एकूण माहिती कितीही विसंगत असो, प्रत्येक युक्तिवादाच्या आत मात्र विसंगती नाही, त्यामुळे स्फोट होत नाही. याची किंमत गणनेत मोजावी लागते, कारण असे किमान आधार हुडकणे संगणकालाही जड जाते. पुढे २००७ मध्ये मार्टिन कामिनाडा आणि लैला अमगूद यांनी दाखवले की काही पद्धतींत एकेकटे टिकलेले निष्कर्ष एकत्र ठेवले की पुन्हा विसंगत ठरतात.

दोन हल्ले समबळ असतील तर? वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी अर्थ ठरवण्याच्या आधारांची श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या अशी उतरंड लावली होती. आधीचे नंतरच्याहून बलवान. आजच्या पद्धतींतही, उदाहरणार्थ हेन्री प्राकेन यांच्या २०१० च्या मांडणीत, असा प्राधान्यक्रम देता येतो. तो यंत्र शोधून काढत नाही. जेध्यांच्या शकावलीला उशिराच्या बखरीहून वर बसवायचे, हे कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहिलेल्या माणसाने आधी सांगावे लागते.