दोन मोटरी लावल्या तरी होडी डबल पळत नाही, मग दुसरी कशाला लावायची?

बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला असो नाहीतर घाट उतरून कारवार-माजाळीला, फायबरच्या होडीपाशी चार माणसं जमली आणि मोटरीचा विषय निघाला की कोणीतरी हे बोलतंयच, "अण्णा, दहा हॉर्सपॉवरची एक हाय, अजून एक दहाची लावली की डबल पळंल की." अण्णा मान हलवतात. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ओळखीचा फॅब्रिकेटर असतोच, ब्रॅकेट होतंय, दोन मोटरी जोडायचा आडवा रॉड लेथवर होतोय, आणि थोड्या दिवसांत होडीच्या मागच्या फळीवर दोन मोटरी शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. पळवून बघितल्यावर कळतंय की डबल सोडा, पाव पटसुद्धा नीट वाढलेलं नाही.

यात मोटरीची चूक काही नाही, पाण्याचं गणितच तसं आहे. होडी पुढे जाताना नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, लाट उठवते आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी होऊन पुढे जायला लागली की नाळ लाटेवर आणि मागची बाजू खड्ड्याकडे उतरलेली, म्हणजे होडी स्वतःच केलेल्या लाटेचा चढ चढत बसते. विल्यम फ्राऊड या इंग्रज इंजिनिअरनं १८७० च्या दशकात टॉर्कीला टाकी बांधून छोटी मॉडेलं ओढून हे सगळं मोजलं होतं. त्यातून आलेला सोपा हिशोब असा की पाण्यातली लांबी फुटात घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.३४ नं गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतंय. १६ फुटाला वर्गमूळ ४, म्हणजे ५.४ नॉट, ताशी १० किलोमीटरच्या आसपास. जड, खोल बुडणारी होडी असेल तर या आकड्याच्या पुढे तिला ढकलायला पॉवर भयंकर लागते. आणि या आकड्याच्या खालीसुद्धा पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि पॉवर घनानं, म्हणजे पॉवर दुप्पट केली तर वेग १.२६ पट, बास.

होडी हलकी, बुडाला सपाट आणि मागे रुंद असेल तर ती एका वेगानंतर पाण्यावर चढून घसरत पळते, तिथं गणित जरा बरं आहे. पण तिथंही दुप्पट पॉवरला कागदावर १.४१ पट वेग, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण दुसऱ्या मोटरीचं गिअरकेस, म्हणजे पंख्याजवळचा खालचा भाग, पाण्यात बुडून ओढ लावतंय आणि तिचं वजनही आहे. दहाची फोरस्ट्रोक मोटर साधारण ४० किलोची धरा, वीसची ५० च्या थोडं वर. दोन दहा म्हणजे ८० किलो, एक वीस म्हणजे ५०-५५. वेगच पाहिजे असेल तर सरळ एक मोठी मोटर घ्या, वजन कमी, पेट्रोल कमी, सर्व्हिसिंग एकदाच, आणि भांडण नाही.

मग दुसरी मोटर कशाला? परत यायला. पहाटे जाळी काढायला गेलेला माणूस, वारा फिरला आणि मोटर बंद पडली तर वल्हं मारत किती मारणार, आणि समुद्रात ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असेल तर वल्ह्याचा उपयोगही नाही. दुसरी मोटर म्हणजे हा परतीचा विमा. पण हा विमा बहुतेक लोक अर्धाच काढतात.

समजा एका मोटरीची बंद पडायची शक्यता शंभरात एक आहे. दुसरीचीही तेवढीच. दोन्ही एकाच दिवशी आपापल्या कारणानं बंद पडायची शक्यता दहा हजारात एक होते, कारण दोन शक्यता गुणल्या जातात. ऐकायला एकदम भारी. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा दोन्हींची कारणं वेगळी असतील. दोन्ही मोटरी एकाच टाकीतनं, एकाच फिल्टरमधनं पेट्रोल ओढत असतील आणि त्या टाकीत पाणी उतरलं असेल तर? तर दोन्ही मोटरी पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं एकच खोकला काढून गप्प होणार आणि तुमचं गणित परत शंभरात एकवर येणार, दुसऱ्या मोटरीचे पैसे पाण्यात. म्हणून टाकी वेगळी, पाइप वेगळा, हातानं दाबायचा रबरी फुगा वेगळा, पाणी अडवणारा फिल्टर प्रत्येकाला स्वतःचा, सेल्फस्टार्ट असेल तर बॅटरीसुद्धा वेगळी. शक्य असेल तर दोन टाक्या एकाच दिवशी एकाच पंपावर भरू नका, हे जरा अति वाटेल पण भेसळीचं पेट्रोल दोन्ही टाक्यांत गेलं तर वेगळ्या टाक्यांचा काय फायदा. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरींना, ज्या पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकतात, त्यांना तर हे अजूनच लागू.

विमानवाल्यांनी हे फार आधी ओळखलंय. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारी प्रवासी विमानं दोन इंजिनांची असतात, आणि दोन इंजिनांची जी विमानं विमानतळापासून लांब समुद्रावरनं नेतात त्यांच्या देखभालीचा एक नियम आहे की एकाच मेकॅनिकनं एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. कारण तो जर एखादा ऑइल सील बसवताना चुकला तर ती चूक दोन्हीकडे होणार. होडीला एवढे मेकॅनिक कुठनं आणणार, पण एवढं तर करता येतंय की, या आठवड्यात डावीचे प्लग बदला, तिला चार दिवस चालवून बघा, मग उजवीचे.

आता बसवायचं काम, आणि इथंच खरी गंमत आहे. एक मोटर असते तेव्हा ती मधोमध बसते, होडीच्या बुडाच्या सगळ्यात खोल रेषेवर. दोन मोटरी झाल्या की त्या मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात. छोट्या मोटरींना मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २२ इंच अंतर ठेवतात, मोठ्या सहा सिलिंडरच्या व्ही-सिक्सना २६ ते २९. कमी ठेवलं तर पूर्ण वळवल्यावर किंवा एकच उचलल्यावर डोकी एकमेकांना घासतात. २२ इंच म्हणजे प्रत्येक मोटर मध्यापासून ११ इंच बाजूला. बूड सपाट असेल तर काही नाही, पण बूड व्ही आकाराचं असेल, समजा प्रत्येक बाजू १५ अंशानं वर चढते, तर ११ इंचावर बूड मधल्यापेक्षा जवळपास ३ इंच वर असतंय. लाँग शाफ्ट, म्हणजे लांब दांड्याची मोटर २० इंच उंचीच्या फळीसाठी असते. मध्यावर तुमची फळी बरोबर २० भरली, पण ११ इंच बाजूला बुडापासून मोजली तर ती १७ च भरते, म्हणजे मोटर ३ इंच जास्त खोल गेली. मग मागे पाण्याचे फवारे उडतात, ओढ वाढते आणि सगळे म्हणतात पंखा चुकीचा आहे. पंखा बरोबर आहे ओ, मोटरीखाली ३ इंचाचा ब्लॉक पाहिजे. मापाची खूण म्हणजे पंख्याच्या बरोबर वर जी आडवी चपटी प्लेट असते ती. ती मोटरीच्या समोरच्या बुडाच्या पातळीला आली पाहिजे, होडीच्या मध्याच्या नाही.

मात्र जास्त वर उचललं तर दुसरी तक्रार सुरू होते, पंखा हवा खातो. व्ही बुडाची वेगात पळणारी होडी वळताना आतल्या बाजूला कलते, त्यामुळे बाहेरच्या बाजूची मोटर वर येते, पंखा वरनं हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि ढकल संपते. यालाच बरेच लोक कॅव्हिटेशन म्हणतात, पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही. पात्याच्या एका बाजूला दाब इतका खाली जातो की पाणी तिथल्या तिथं उकळतं, थंडच असताना. ३० अंशाचं पाणी उकळायला हवेच्या दाबाच्या फक्त ४ टक्के दाब शिल्लक राहिला की पुरतंय. हे वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की फुटत नाहीत, मिटतात, आणि मिटताना इतक्या छोट्या जागेत इतका दाब तयार होतो की अ‍ॅल्युमिनियमच्या पात्याला खड्डे पडतात. हा मिटायचा हिशोब लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९१७ साली मांडला. तर इंजिन वळणावर किंचाळत असेल तर ती हवा आहे, उंची बघा. पात्यावर बारीक खड्डे दिसत असतील तर ते कॅव्हिटेशन, मग पात्याची धार वाकलीय का ते बघा.

एक गैरसमज असा की दोन मोटरींचे पंखे उलट-सुलट फिरणारे पाहिजेतच. मोठ्या मोटरींना ते बरोबर आहे, उजवीकडे उजवा पंखा आणि डावीकडे उलटा, म्हणजे होडीला एका बाजूला कलवणारा पीळ एकमेकांना मारतो. पण दहाच्या मोटरीत पंखा मिनिटाला २६०० च्या आसपास फिरत असेल तर शाफ्टवरचा पीळ येतो साधारण २.८ किलोग्रॅम-मीटर. दोन्हींचा मिळून साडेपाच. बर्फाचा ११ किलोचा डबा अर्धा मीटर बाजूला सरकवला की मिटलं. छोट्यात उलट्या पंख्याची मोटर सहसा मिळतही नाही, शोधत बसू नका.

दुसरी भीती, एकच मोटर चालू असली तर होडी गोल गोल फिरेल. फिरेल, पण मोटर थोडी वळवली की थांबते. ढकलीची रेषा होडीच्या मध्यातनं गेली की झालं. मोटर ११ इंच बाजूला आणि मध्य मागच्या फळीपासून ९ फूट पुढे असेल तर सहा अंशही वळवायला लागत नाही आणि त्यात ढकल साधारण अर्धा टक्काच वाया जाते. फक्त दोन मोटरींना जोडणारा रॉड असा पाहिजे की एक मोटर वर उचललेली असताना दुसरी वळली पाहिजे. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट लागतोय, नुसती वेल्डिंग केलेली पट्टी नाही. आणि उद्यमबागेत रॉड सांगताना स्टेनलेस स्टील ३१६ सांगा. ३०४ स्वस्त पडतंय पण खाऱ्या पाण्यात त्याला टाचणीएवढी भोकं पडतात, ३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतंय ते मिठाला अडवतं.

दोन्ही मोटरी सारख्या वेगानं चालल्यात का हे आरपीएम मीटर नसताना कानानं कळतं. दोन इंजिनांचा आवाज मिसळून वूंऽ-वूंऽ असा हेलकावा येतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना जो हेलकावा ऐकतात तोच हा. ६० आरपीएमचा फरक म्हणजे सेकंदाला एक फेरी, दोन सिलिंडरच्या टूस्ट्रोकमध्ये एका फेरीत दोन धमाके, म्हणून सेकंदाला दोन हेलकावे. एकीचा थ्रॉटल हळू हळू सरकवत जायचं, हेलकावा लांबत लांबत बंद झाला की दोघी जुळल्या.

आता आपल्याकडची गोष्ट. हिडकल धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून २१७५ फुटांवर असतंय. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला ३ टक्के कमी होते कारण हवाच पातळ. म्हणजे कारवारला दहाची मोटर इथं ६-७ टक्क्यांनी दमते, कंपनीला शिव्या घालू नका, एक इंच कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत एक इंच कमी पुढे सरकणारा पंखा लावा, आरपीएम १५०-२०० नं वर येईल. वर गोडं पाणी समुद्रापेक्षा अडीच टक्के हलकं, त्यामुळे तीच होडी इथं थोडी जास्त बुडते, आणि मागे ८० किलो लटकवलेले असताना तो थोडासुद्धा मोजायला लागतो. मोटरीला जो बळीचा धातू लावतात, जो स्वतः गंजून मोटर वाचवतो, तो खाऱ्या पाण्याला जस्ताचा आणि गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचा पाहिजे. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते झोपून जातं. कारवारवरनं सेकंडहँड मोटर आणून हिडकलला लावली तर हा तुकडा बघा पहिला.

आणि एक सांगायलाच पाहिजे, जुन्या कार्ब्युरेटरच्या टूस्ट्रोकमध्ये पाव भागाच्या आसपास पेट्रोल न जळता पाण्यात जातंय. हिडकल आणि राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगावच्या नळाला येतंय. तिथं टूस्ट्रोकच्या जोड्या लावायचा विचारसुद्धा करू नये असं माझं मत, आणि कुठलीही मोटर लावायच्या आधी परवानगी.

सगळं बसवून झाल्यावर होडी पूर्ण मालासकट न्या, जाळी, बर्फ, माणसं सगळी. एक मोटर बंद करा, वर उचला, कारण पाण्यात लटकलेला बंद पंखा नुसती ओढ लावतो. दुसरीवर चालवून बघा. तिचा पंखा दोघींच्या वेगाच्या हिशोबानं निवडलेला असतोय, त्यामुळे एकटीला तो जड जातो, थ्रॉटल पूर्ण उघडला तरी आरपीएम चढत नाही आणि इंजिन तापतं. कूलिंगच्या पाण्याची धार नीट येते का बघत अर्ध्या-पाऊण थ्रॉटलवरच राहायचं. काठाला यायला किती वेळ आणि किती लिटर गेलं ते टाकीवर मार्करनं लिहून ठेवा, मग तसंच दुसऱ्या मोटरीवर.